देवमाशाचा उपयोग काय?

शास्त्रपाठ : स्तोत्र १०४:२४-२६, ईयोब ३८ ते ४२



एकशे चौथ्या स्तोत्रात देवाच्या सृष्टीची मोठी यादी आहे, आणि त्या यादीत बहुतेक प्रत्येक गोष्टीला तिचे काम नेमून दिलेले आहे. झऱ्यांनी रानातल्या जनावरांची तहान भागते. गवत गुरांसाठी उगवते. भाकरीने माणसाला बळ येते. चंद्रावरून ऋतू कळतात, आणि सूर्य उगवला की माणूस कामाला निघतो व संध्याकाळपर्यंत राबतो. सव्विसाव्या वचनापाशी मात्र ही यादी थबकते. तेथे समुद्र आहे, समुद्रावर जहाजे चालली आहेत, आणि त्यांच्या शेजारीच लिव्याथान आहे. जहाजांना काम आहे, ती मालाची आणि माणसांची ने-आण करतात. लिव्याथानाला काम नाही. देवाने त्याला खेळण्यासाठी घडविले एवढेच स्तोत्रकर्ता सांगतो आणि पुढे जातो.

ह्या वचनातील मूळ इब्री शब्द दोन तऱ्हांनी वाचता येतात. लिव्याथानाने समुद्रात खेळावे म्हणून देवाने त्याला केले, हा एक अर्थ. आपल्या मराठी शास्त्रात तोच घेतला आहे. दुसरा अर्थ असा की, देवाने त्याच्याशी खेळावे म्हणून त्याला केले. यहूदी रब्बींना हा दुसरा अर्थ फार आवडला. दिवसाच्या शेवटच्या तीन तासांत परमेश्वर लिव्याथानाशी खेळतो, असे त्यांच्या तालमूद ग्रंथात सांगितले आहे. आपण त्याला शास्त्रवचनाचा अधिकार देत नाही. परंतु आठवड्याचे सहा दिवस हिशोब करणाऱ्या आणि सातव्या दिवशी देवापुढे तोच हिशोब मांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी रब्बींचे हे बोलणे एकदा तरी ऐकून ठेवावे.

हा लिव्याथान म्हणजे नेमका कोणता प्राणी, ह्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. ईयोबाच्या पुस्तकातील वर्णन मगरीशी जुळते असे काहीजण म्हणतात. स्तोत्रातला प्राणी मात्र भर समुद्रात, जहाजांच्या सोबतीने राहणारा आहे, म्हणून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे देवमासाच उभा राहतो. आपल्या मराठीने ह्या प्राण्याला किती सुंदर नाव दिले आहे पाहा! हा खरे तर मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, पिलाला जन्म देतो आणि दूध पाजतो. पण नावातला ‘देव’ आपल्याला सोडवत नाही.

जहाज आणि लिव्याथान शेजारी शेजारी, हे स्तोत्रातले चित्र आज पृथ्वीच्या उत्तर टोकाला प्रत्यक्ष पाहावयास मिळते. आमच्या मंडळीतील एका कुटुंबाचा मुलगा नोकरीनिमित्त नॉर्वे देशात असतो. एका जून महिन्यात सुटी काढून तो आन्डेनेस नावाच्या बंदरात गेला. हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर सुमारे ३०० किलोमीटर आहे. जूनमध्ये तेथे सूर्य मावळतच नाही. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल दरीत उतरतो, आणि त्या दरीत स्पर्म व्हेल जातीचे प्रचंड नर देवमासे भक्ष्य शोधीत असतात. माद्या व पिले एवढ्या थंडीत येत नाहीत, ती खाली उबदार पाण्यात राहतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्या गावातून लोकांना बोटीने देवमासे दाखवावयास नेतात.

त्याने दिवसाची जी हकीकत घरी कळवली ती मी त्याच्या आईकडून ऐकली. बोट निघाली तेव्हा पन्नासेक माणसे होती. निघाल्यावर अर्ध्या तासात त्यातली दहाबारा कठड्याला धरून ओकत होती. अंगावर लोकरीचे दोन थर, त्यावर बोटीवाल्यांनी दिलेला जाड कोट, तरी वारा हाडांत शिरत होता. खोल पाण्यावर आल्यावर नावाड्याने इंजिन बंद केले आणि पाण्यात एक यंत्र सोडले. ते समुद्रातला आवाज ऐकण्याचे यंत्र. खाली, अंधारात, देवमासा टिकटिक असा आवाज करून आपली वाट व आपले भक्ष्य शोधतो, तो आवाज त्यात ऐकू येतो. म्हणजे प्राणी तेथे आहे हे कळले. पण तो तीस-चाळीस मिनिटे, कधी तासभरही, वर येत नाही, आणि त्याला वर बोलावण्याचा कोणताही मार्ग माणसाजवळ नाही. घंटा वाजवून, खाऊ टाकून, पैसे जास्त देऊन काही होत नाही. पन्नास माणसे थंडीत गप्प उभी राहिली. मग दूरवर फवारा उडाला. स्पर्म व्हेलचा फवारा सरळ वर न जाता पुढे व डावीकडे कलता जातो, त्यावरून जाणते लोक त्याला ओळखतात. लाकडाच्या प्रचंड ओंडक्यासारखी पाठ पाण्यावर तरंगत राहिली. सुमारे दहा मिनिटे तो श्वास घेत पडून होता. बोटीकडे त्याने पाहिले की नाही, कोण जाणे. नंतर पाठीला बाक आला, शेपूट सावकाश आभाळात उभे राहिले, त्यावरून पाणी निथळले, आणि तो गेला. मुलाने आईला बारा सेकंदांचे चलच्चित्र पाठविले, त्यात फक्त ते शेपूट आहे.

आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “एवढे पैसे भरले, एवढा गारठा खाल्ला. मंग भेटलं काय?”

माउलीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात कापसाच्या शेतीवर घर चालविणाऱ्या बाईने तो विचारला आहे, आणि तिला आयुष्यात कोणतीच वस्तू नुसती बघण्यासाठी मिळालेली नाही. शिवाय, माणसाने देवमाशाला शेकडो वर्षे हाच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर भाल्याने मिळविले.

त्याच उत्तर नॉर्वेच्या समुद्रात स्वेन फॉइन नावाचा एक कप्तान होऊन गेला (१८०९-१८९४). पूर्वी वल्ह्यांच्या होड्यांतून देवमासे मारीत, त्यामुळे वेगाने पोहणारे मोठे देवमासे हातून सुटत. फॉइनने १८६३ साली वाफेवर चालणारी शिकारी बोट बांधविली, आणि १८७० साली तोफेतून सुटून देवमाशाच्या अंगात फुटणाऱ्या भाल्याचे पेटंट घेतले. त्यानंतर कोणताही देवमासा सुरक्षित राहिला नाही. ह्या बोटीचे नाव काय होते? लॅटिन भाषेत ‘आशा आणि विश्वास’. फॉइन हा धर्मभीरू मनुष्य होता. मिशनकार्याला त्याने हात सैल सोडून दिले आणि मरताना आपली मोठी संपत्ती मिशनसाठी ठेवली. मानवजातीच्या हितासाठी व आशीर्वादासाठीच देवाने देवमासे ह्या समुद्रात ठेवले आहेत, तेव्हा त्यांची शिकार वाढविणे हे आपले पाचारण होय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

हा मनुष्य आपल्याला परका वाटू नये. आपल्या मराठी मंडळीचे मूळ शोधीत गेलो तर आपण १८१३ साली मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्या अमेरिकन मिशनऱ्यांपर्यंत पोहोचतो. त्यांना पाठविणारा न्यू इंग्लंड प्रांत त्या काळी देवमाशाच्या शिकारीचे माहेरघर होता. तेथील घराघरांतून देवमाशाच्या तेलाचे दिवे जळत. आपल्यासाठी कळकळीने केलेल्या कितीतरी प्रार्थना त्या उजेडात झाल्या असतील. ह्यावरून त्यांना दोष द्यावा असे मी म्हणत नाही. खनिज तेल यावयाचे होते, वीज यावयाची होती, आणि अंधारात बसून कोणी शास्त्र वाचू शकत नाही. पण दिव्यापुरते घेणे कोठे संपले आणि लोभ कोठे सुरू झाला, हे त्यातल्या कोणाला कळले नाही. एकट्या विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. साबण, वंगण, कृत्रिम लोणी, जनावरांचे खाद्य असे त्यांचे ‘उपयोग’ झाले. अखेर १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला आणि १९८६ पासून तो अमलात आला. नॉर्वे व जपान ह्यांनी शिकार पुरती सोडलेली नाही. तरीसुद्धा ज्या उत्तर समुद्रात बोटी तोफा घेऊन जात, त्याच समुद्रात आज माणसे पैसे भरून, थंडीत कुडकुडत, रिकाम्या हातांनी परत येण्यासाठी जातात. पश्चात्ताप म्हणजे मन पालटणे. देशांच्या बाबतीत तो असाच अर्धामुर्धा आणि उशिराने घडतो, पण घडतो.

आपण आपल्याकडे पाहू या. मराठी वर्तमानपत्रांत देवमाशाचे नाव येते ते बहुतेक एकाच बातमीत : अमुक शहरात देवमाशाच्या उलटीची तस्करी पकडली, तिची किंमत इतके कोटी. ही उलटी म्हणजे अंबरग्रीस. स्पर्म व्हेल जे माकूळ खातो त्यांच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती त्याच्या आतड्यात हा पदार्थ तयार होतो व तो अत्तरांत वापरीत. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे. पण गंमत पाहा : ज्याला देवाने खेळण्यासाठी घडविले त्याची आपल्याला फक्त ओकारी ठाऊक, तीही किलोच्या भावाने!

ईयोबाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातील सहावे वचन उघडून पाहा. देव ईयोबाला लिव्याथान दाखवितो आणि विचारतो की, कोळ्यांच्या टोळ्या ह्याचा सौदा करतील काय, व्यापाऱ्यांत ह्याचे वाटे पडतील काय? त्याआधी चौथ्या वचनात विचारतो की, हा तुझ्याशी करार करून तुझा कायमचा चाकर होईल काय? मार्केट यार्डात जाणाऱ्या मनुष्याला हे प्रश्न समजावून सांगावे लागत नाहीत.

आता ह्या पुस्तकाच्या आरंभाकडे चला. सैतान देवाला एक प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते सबंध शास्त्रात इतका धारदार प्रश्न दुसरा नाही : ईयोब काय फुकट देवाचे भय बाळगतो? त्याचे म्हणणे असे की, देवाचा ईयोबाला उपयोग आहे म्हणून भक्ती आहे. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी ही सगळी कामाची, मोजलेली जनावरे जाऊ देत, म्हणजे भक्तीही जाईल. ती गेली. मुलेही गेली. मग अलीफज, बिल्दद, सोफर आले आणि त्यांनी सांगितले की, तुझ्या विश्वासात खोट असली पाहिजे, ती दुरुस्त कर, म्हणजे सर्व परत मिळेल. ते त्रिकूट अजून निवृत्त झालेले नाही. दशांश वेळेवर दे, उपवास धर, म्हणजे पीक साधेल, कर्ज फिटेल, असे आपल्याच सभांतून सांगणारे आज थोडे नाहीत. पीक साधले तर ते साक्ष देतात. पीक बुडाले तर शेतकऱ्याचा विश्वास कमी पडला असे म्हणतात. दोन्हीकडून उपदेशक मोकळा!

असाच एक बंधू काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. पैनगंगेच्या अलीकडे त्याचे पाच एकर. त्या साली गुलाबी बोंडअळीने आधीच अर्धा कापूस खाल्ला होता, आणि उरलेली बोंडे फुटण्याच्या वेळी पाऊस लागला. ओला कापूस घेऊन गेला तर ओलाव्यासाठी भाव कापला गेला. बियाणे, खत, फवारणी सारे उधारीवर. सभेत त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि नंतर कोणीतरी त्याला त्याच्या विश्वासाविषयी चार गोष्टी ऐकविल्या. माझ्यासमोर बसून तो म्हणाला, “दादा, मी आता कोणाच्याच कामाचा राहिलो नाही.”

आपल्या कापूसपट्ट्यात, पैनगंगेच्या अलीकडे काय आणि पलीकडे यवतमाळात काय, हे वाक्य ऐकून घरी निवांत झोपता येत नाही. ते बोलून कितीजण शेतात गेले आणि परत आले नाहीत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या रात्री मी त्याला घरी जाऊ दिले नाही. फवारणीची औषधे कोठे ठेवली आहेत हे त्याच्या भावाला विचारून ती तेथून हलविली. हे आधी लिहितो, कारण अशा वेळी शास्त्र उघडण्यापूर्वी करावयाची कामे असतात, आणि सरकारी दवाखान्यात मनाच्या दुखण्यावरही उपचार मिळतो.

मग रात्री आम्ही ईयोब वाचला. अडतिसाव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनाशी आलो. जेथे माणूसच राहत नाही अशा ओसाड भूमीवर देव पाऊस पाडतो, असे तेथे म्हटले आहे. बंधू ताडकन उठून बसला. “पाऊस पाडाचाच होता, तं जिथं माणूस नाही तिथं कायले पाडला? आन माह्यावर नको त्या वेळी कायले?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. खुद्द देवानेही ईयोबाला त्याचे उत्तर दिलेले नाही. मी पुढे वाचत गेलो. सिंह आला, कावळ्यांची पिले आली, डोंगरातल्या रानबकऱ्या आल्या. खोगीर न जुमानणारा रानगाढव आला. नंतर एकोणचाळिसाव्या अध्यायात रानबैल येतो. देव विचारतो की, हा तुझ्या गव्हाणीशी रात्र काढील काय? ह्याला दोरी लावून तास पाडता येईल काय? तुझे धान्य हा खळ्यात आणील असा भरवसा आहे काय? येथे तो बंधू हसला. किती आठवड्यांनी हसला देव जाणे. म्हणाला, “असा बैल कोण ठेवते? वैरण फुकट!”

मी म्हणालो, “देव ठेवतो.”

तो बराच वेळ बोलला नाही.

त्या यादीत किती जनावरे माणसाच्या कामाची आहेत हे सवडीने मोजून पाहा. एक लढाईचा घोडा तेवढा आहे, बाकी एकही नाही. ज्याच्या बैलांच्या पाचशे जोड्या गेल्या त्याला देव न राबणारा बैल दाखवितो. ज्याच्या पाचशे गाढवी गेल्या त्याला लगाम नसलेला रानगाढव दाखवितो. आणि सर्वांच्या शेवटी, जणू नावेत बसवून खोल पाण्यावर न्यावे तसा, लिव्याथान दाखवितो, आणि त्याच्याविषयी सबंध एक अध्याय बोलतो. काही टीकाकारांना हे देवाचे निष्ठुरपण वाटते. राखेत बसलेल्या, अंगभर फोड आलेल्या माणसाला समुद्रातले जनावर कशाला दाखवावे? मीही पदविकेच्या अभ्यासात परीक्षेपुरते उत्तर लिहिले होते की, येथे देवाचे सामर्थ्य प्रगट होते व ईयोब नम्र होतो. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळाले. परंतु सामर्थ्य तर वादळातही दिसत होते. देवाने जनावरे दाखविली, आणि तीही बिनकामाची, ह्याचे कारण मला त्या रात्री त्या बंधूच्या तोंडाकडे पाहताना उमजले. ज्या देवाच्या घरी न राबणाऱ्या बैलाला वैरण आहे, त्याच्या घरी बुडालेल्या शेतकऱ्याला जागा आहे. ज्याचा कोणालाही काही उपयोग नाही अशा प्राण्यावर जो इतका लुब्ध आहे की त्याच्या खवल्यांचे, शिंकेचे, डोळ्यांचे वर्णन करताना थांबत नाही, तो माणसाला क्विंटलवर तोलत नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे पौल रोमकरांस लिहितो. त्या घडीला आपला देवाला कोणता उपयोग होता?

तो बंधू आज आहे. कर्ज पुरते फिटलेले नाही. कापसाबरोबर तूर लावतो आणि अधूनमधून उपासनेला येतो.

ह्या विषयाची दुसरी बाजू कोकणातल्या लोकांनी दाखवून दिली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या दिवसांत, रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक जिवंत पिल्लू वाळूत येऊन पडले. पिल्लू म्हटले तरी काही टन वजनाचे. देवमासा वाळूत पडला की त्याचे स्वतःचे वजनच त्याला चिरडू लागते आणि उन्हाने त्याची कातडी भाजते. गावकरी, वनखात्याचे लोक, तटरक्षक दल, पशुवैद्य सारे जमले. ओली फडकी अंगावर टाकली, पाणी ओतीत राहिले, सलाइन लावले. ऐन सणात माणसे दिवसरात्र कमरेइतक्या पाण्यात उभी होती. बोटीने ओढून त्याला समुद्रात सोडले. ते पुन्हा किनाऱ्याला आले आणि मेले, आणि त्याला तेथेच पुरले. ह्यात कोणाला काय मिळणार होते? त्या लोकांपैकी बहुतेकांना आपले शास्त्र ठाऊक नाही. पण लिव्याथानावर देवाची जी माया आहे, तिचा थोडा वाटा त्यांनी त्या दिवसांत उचलला, असे मी म्हणेन. कोणी मला ह्याबद्दल उदारमतवादी म्हटले तरी चालेल.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी येथे थोडे लिहितो. योनाचा धडा शिकविताना आपण तोंड उघडलेला मासा फळ्यावर काढतो आणि मुलांना भीती घालतो की, आज्ञा मोडली तर असा मासा गिळतो. योनाचे पुस्तक पुन्हा वाचा. त्यात मासा देवाचे ऐकतो, वारा ऐकतो, तुंबीचा वेल ऐकतो, किडाही ऐकतो. न ऐकणारा एकटा संदेष्टाच आहे. आणि माशाने त्याला मारलेले नाही, बुडताना वाचविले आहे. पुस्तकाच्या शेवटच्या वाक्यात तर निनवेच्या गुराढोरांचाही कळवळा देवाला आहे.

आमच्याकडील मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही मंदिराच्या आवारात एक दोर पसरला. मोठा स्पर्म व्हेल पन्नास ते साठ फूट भरतो. तेवढा दोर दारापासून निघून लिंबाच्या झाडापलीकडे गेला. निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत वाढू शकतो, त्याला आमचे आवार पुरले नाही, दोराचे टोक रस्त्यावर धरावे लागले आणि एका बैलगाडीला थांबावे लागले. मुले दोराच्या दोन्ही बाजूंनी पळाली. मग दुसऱ्या इयत्तेतला एक मुलगा म्हणाला, “सर, त्याचं काय करतात?” मी सांगितले, “काही नाही. देव त्याच्याशी खेळतो.” मुलाला त्यात काहीच नवल वाटले नाही. तो पुन्हा पळायला गेला.

त्यांना हेही सांगता येईल की, देवमासा पाहण्यासाठी नॉर्वेलाच जावे लागते असे नाही. आपल्याच अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक लहानसा कळप राहतो. जगातील इतर कुबडे देवमासे दरवर्षी थंड समुद्र व उष्ण समुद्र ह्यांमध्ये हजारो मैल ये-जा करतात, हे मात्र येथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्याकडे त्यांची गणती केली तर शंभरही भरत नाहीत. २०१७ साली तेथे एका मादीला खुणेचे यंत्र लावले, आणि ती डिसेंबरात समुद्र ओलांडून थेट गोव्याच्या बाजूला आली. शास्त्रज्ञांनी तिचे नाव लुबान ठेवले आहे. अरबीत लुबान म्हणजे ऊद, मागी लोकांनी बाळ येशूपुढे ठेवलेल्या तीन भेटींपैकी एक. नाताळच्या धड्यात मुलांना हे आवडेल. आणि आमच्याकडचे पाणीही शेवटी समुद्रालाच जाते : पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. फवारणीचे रिकामे डबे नाल्यात फेकताना मोठ्यांनी ही वाट लक्षात ठेवावी.

आता ईयोबाचे शेवटचे पान. बेचाळिसाव्या अध्यायात त्याची जनावरे दुप्पट होऊन परत येतात, आणि उपदेशकांचे लक्ष बहुधा त्या आकड्यांवर राहते. त्यापुढील दोन वचने वाचून पाहा. ईयोबाला पुन्हा सात मुलगे व तीन मुली झाल्या. मुलग्यांची नावे शास्त्राने दिलेली नाहीत. मुलींची दिली आहेत : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. यमीमा म्हणजे पारवी असे पूर्वापार मानतात. कसीया हे दालचिनीच्या जातीचे सुगंधी द्रव्य. आणि केरेन-हप्पूक ह्या इब्री नावाचा अर्थ आहे काजळाची शिंगडी, काजळ ठेवण्याची डबी. लिव्याथान पाहून आलेल्या बापाने मुलीचे नाव ठेवले काजळाची डबी! आणि पुढच्याच वचनात लिहिले आहे की, त्याने मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन दिले. त्या काळी मुलगे असताना मुलींना वतन देण्याची रीत नव्हती, आणि ईयोबाने कोणते कारण सांगून ते दिले, हे शास्त्रात नमूद नाही.